अक्षरं वाटेत का बिघडतात? कॅरॅक्टर एन्कोडिंग आणि वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका मशीनवर स्वच्छ दिसणारा देवनागरी मजकूर दुसऱ्या मशीनवर गेला की त्याची प्रश्नचिन्हं होतात, नाहीतर न वाचता येणारी चिन्हं. ज्यांच्या हातून असा मजकूर जातो त्या प्रोग्रॅमरांसाठी हे पान आहे. माझं म्हणणं एकच आहे. मजकूर प्रोग्रॅममध्ये जिथून येतो आणि जिथून बाहेर पडतो, त्या प्रत्येक दारावर एन्कोडिंगचं नाव तुम्ही स्वतः लिहा. ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या मर्जीवर सोडू नका.

युनिकोड आणि यूटीएफ-८ एकच का?

नाही. युनिकोड प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देतं. देवनागरीचा मुख्य पट्टा २३०४ ते २४३१ असा आहे आणि त्यात ‘म’चा क्रमांक २३५०. हा क्रमांक फाइलमध्ये बाइट म्हणून कसा मांडायचा ते एन्कोडिंग ठरवतं. यूटीएफ-८ मध्ये ‘म’ तीन बाइटांचा होतो: २२४, १६४, १७४. यूटीएफ-१६ मध्ये तोच ‘म’ दोन बाइटांचा: ९ आणि ४६. त्यातही कोणता बाइट आधी हे वेगळं ठरवावं लागतं. विंडोजवर ४६ आधी येतो, ९ नंतर.

म्हणून “फाइल युनिकोडमध्ये आहे” एवढ्यानं काहीच कळत नाही. कुठलं एन्कोडिंग, हे विचारायलाच हवं. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ नावाचा पर्याय होता आणि त्याचा अर्थ यूटीएफ-१६ असा होता. त्या एका शब्दानं बराच गोंधळ घातला आहे.

ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हा फरक आला कुठून?

काळाच्या क्रमातून. विंडोज एनटी १९९३ मध्ये आली तेव्हा जगातली सगळी अक्षरं १६ बिटांत बसतील असा समज होता, म्हणून तिनं आत दोन बाइटांचं अक्षर धरलं. १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये तो समज सुटला आणि सरोगेट जोड्या (मोठ्या क्रमांकाच्या अक्षरासाठी १६ बिटांच्या दोन एककांची जोडी) आल्या. विंडोज २००० पासून आतलं एन्कोडिंग यूटीएफ-१६ झालं. यूटीएफ-८ केन थॉम्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये मांडलं. त्याची खुबी अशी की जुनी आस्की फाइल (फक्त इंग्रजी अक्षरं आणि साधी चिन्हं असलेली) एकही बाइट न बदलता वैध यूटीएफ-८ असते. युनिक्स घराण्यातल्या प्रोग्रॅमांना बाइटांची माळ हवी असते, तिथे ते अलगद बसलं. लिनक्स आणि मॅकओएसवर आज फाइली आणि टर्मिनल यूटीएफ-८ मध्येच चालतात.

विंडोजवर त्याशिवाय जुन्या कोड पेजांचा, म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर हे सांगणाऱ्या तक्त्यांचा, थर अजून जिवंत आहे. शिवाय तो एक नाही, दोन आहेत. खिडक्यांच्या प्रोग्रॅमांसाठी एएनएसआय कोड पेज, बहुतेक मशीनवर १२५२, आणि कन्सोलसाठी (आदेश टाइप करायच्या खिडकीसाठी) ओईएम कोड पेज, ४३७ किंवा ८५०. एकाच मशीनवर एकच फाइल नोटपॅडमध्ये एक दिसते आणि कन्सोलमध्ये दुसरी, ती यामुळे.

आपल्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी: देवनागरीसाठी जुन्या धर्तीचं एएनएसआय कोड पेज विंडोजमध्ये नाहीच. फ्रेंच किंवा रशियन मजकूर चुकून कोड पेजमध्ये गेला तरी वाचण्याची शक्यता असते. मराठी मजकूर त्या वाटेला गेला की हमखास जातो.

सी आणि सी++ मध्ये लिहिणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की रुंद अक्षराचा प्रकार विंडोजवर दोन बाइटांचा आणि लिनक्स-मॅकवर चार बाइटांचा असतो. तो थेट फाइलमध्ये लिहिला, की ती फाइल दुसरीकडे वाचता येत नाही.

बिघाड नुसता पाहून कारण ओळखता येतं का?

बहुतेक वेळा येतं, आणि ही सवय लावून घेणं फार उपयोगाचं आहे. पाच लक्षणं आहेत.

रिकामे चौकोन दिसले तर मजकूर शाबूत आहे. फॉण्टमध्ये ती अक्षरं नाहीत, एवढंच. दुसरा फॉण्ट लावा. जोडाक्षरं सुटी पडली, पण हलन्त जागेवर दिसतोय, तर तोही चित्र काढणाऱ्या भागाचा दोष. विंडोजच्या जुन्या कन्सोलमध्ये हे नेहमी दिसतं. तिथे डोळ्यांवर विश्वास न ठेवता आउटपुट फाइलमध्ये काढून पाहा.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ‘ए’, त्याच्या पाठोपाठ चलनाचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह, आणि हीच जोडी पुन्हा पुन्हा: हा यूटीएफ-८ मधला देवनागरी मजकूर १२५२ समजून वाचला गेला आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर २२४ नंतर १६४ किंवा १६५ असंच सुरू होतं. १२५२ मध्ये २२४ म्हणजे तो ‘ए’, १६४ म्हणजे चलनाचं चिन्ह आणि १६५ म्हणजे येन. हा नमुना एकदा ओळखला की पुन्हा चुकत नाही. इथे मजकूर परत मिळण्याची आशा असते.

काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह म्हणजे युनिकोडचं ६५५३३ क्रमांकाचं बदली चिन्ह. वाचणाऱ्याला अवैध बाइट सापडला आणि त्यानं त्या जागी हे ठेवलं. मूळ फाइल हाताशी असेल तर काही बिघडलेलं नाही. पण या अवस्थेत कुणी सेव्ह केलं असेल, तर मूळ बाइट गेले.

आणि साधी प्रश्नचिन्हं. ‘प्रज्ञा’च्या जागी ओळीनं सात प्रश्नचिन्हं दिसली, तर कुणीतरी मजकूर देवनागरी नसलेल्या कोड पेजमध्ये उतरवला आहे. प, हलन्त, र, ज, हलन्त, ञ आणि काना असे सात कोड पॉइंट (युनिकोडचे क्रमांक) होते, त्यांची सात प्रश्नचिन्हं झाली. शब्द किती लांब होता एवढीच माहिती उरली. यावर कुठलंही सॉफ्टवेअर उपाय करू शकत नाही.

लॅटिन चिन्हांत अडकलेला मजकूर परत कसा मिळवायचा?

तत्त्व सोपं आहे: ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं उलटा न्यायचा. बिघडलेली स्ट्रिंग १२५२ मध्ये एन्कोड करायची आणि मिळालेले बाइट यूटीएफ-८ म्हणून डीकोड करायचे. बिघाड दोनदा झाला असेल तर हेच दोनदा. ‘म’ तीन बाइटांऐवजी सहा बाइट घेत असेल, तर दुहेरी एन्कोडिंग झालं आहे हे नक्की.

देवनागरीत मात्र ही वाट खड्ड्यांची आहे. कोड पेज १२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच जागा रिकाम्या आहेत. हलन्ताचा शेवटचा बाइट १४१, उकाराचा १२९, ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४ आणि ‘झ’चा १५७. काही प्रोग्रॅम हे बाइट गुपचूप पुढे जाऊ देतात, काही तिथेच चूक दाखवून थांबतात, काही ते गाळून टाकतात. म्हणूनच दुरुस्त केलेल्या मजकुरात जोडाक्षरं आणि ऱ्हस्व उकारच नेमके गेलेले दिसतात.

‘ठ’ आणि ‘भ’ यांची गोष्ट आणखी वेगळी. ‘ठ’चा शेवटचा बाइट १६०, जो १२५२ मध्ये न तुटणारी स्पेस आहे. ‘भ’चा १७३, तो न दिसणारा हायफन. कुणी त्या बिघडलेल्या मजकुराच्या कडेच्या मोकळ्या जागा छाटल्या, किंवा वेब पानावरून कॉपी करून दिला, की हे दोन बाइट हरवू शकतात. ‘मराठी’ या शब्दातच ‘ठ’ आहे. त्यामुळे दुरुस्तीसाठी नेहमी मूळ फाइल किंवा डेटाबेसचा डंप मागा. चॅटमध्ये चिकटवलेला तुकडा घेऊन बसू नका.

बॉम लावायचा की नाही?

बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीला ठेवलेली खूण. यूटीएफ-८ मध्ये ती २३९, १८७, १९१ अशी तीन बाइटांची असते. यूटीएफ-१६ ला तिचा खरा उपयोग आहे, कारण बाइटांचा क्रम तिच्यावरून कळतो. यूटीएफ-८ मध्ये क्रमाचा प्रश्नच येत नाही.

माझा नियम: बॉम लिहायचा नाही, पण वाचताना आला तर निमूटपणे सोडून द्यायचा. लिनक्सवर शेल स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीआधी बॉम आला की कर्नलला इंटरप्रीटरची खूण सापडत नाही. सीएसव्हीच्या (स्वल्पविरामानं रकाने पाडलेल्या फाइलीच्या) पहिल्या स्तंभाच्या नावाला बॉम चिकटला, की ‘क्रमांक’ नावाचा स्तंभ डोळ्यांना दिसतो, पण प्रोग्रॅमला सापडत नाही.

अपवाद दोन. एक्सेलसाठी सीएसव्ही, त्याबद्दल खाली. दुसरा अपवाद विंडोज पॉवरशेल ५.१: बॉम नसलेली स्क्रिप्ट ते एएनएसआय समजून वाचतं, म्हणून तीत मराठी मजकूर असेल तर बॉम हवा. याच पॉवरशेलमध्ये बाणाच्या चिन्हानं आउटपुट फाइलमध्ये वळवलं, तर ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते. पॉवरशेल ६ पासून यूटीएफ-८, तेही बॉमशिवाय.

एक्सेलमध्ये सीएसव्ही उघडली की मराठी का बिघडते?

डबल क्लिक करून उघडल्यावर बॉम नसेल, तर एक्सेल सहसा सिस्टीमचं कोड पेज धरतं. उपाय दोन: फाइल तयार करताना बॉम लावा, किंवा ‘डेटा’ टॅबमधून आयात करताना ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा.

याहून धोक्याची गोष्ट आहे सेव्ह करणं. काही वर्षांपूर्वी एका कामात नावांची मोठी यादी आमच्याकडे रोज सीएसव्ही म्हणून यायची. एके दिवशी समोरच्या कार्यालयात कुणीतरी एका नावातली चूक सुधारण्यासाठी ती उघडली आणि साध्या सीएसव्ही प्रकारात सेव्ह केली. आमच्या आयातीनं ती बिनतक्रार घेतली, कारण प्रश्नचिन्ह हे अगदी वैध अक्षर आहे. दुसऱ्या दिवशी पाहतो तर संपूर्ण यादीतली नावं गेलेली. बॅकअप होता म्हणून निभावलं. तेव्हापासून मी आयातीत एक तपासणी ठेवतो: नावाच्या रकान्यात सलग दोन प्रश्नचिन्हं आली की फाइल परत. दोन ओळींचा कोड आहे, आणि तो लिहायला कुणीही आळस करू नये असं मला मनापासून वाटतं.

सेव्ह करताना एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा स्वतंत्र प्रकार मिळतो. तोच निवडायला सांगा.

फाइलींच्या नावांत मराठी वापरावी का?

वापरावी, पण नियम ठाऊक असावेत. लिनक्सला फाइलीचं नाव म्हणजे नुसते बाइट. त्यात काय लिहिलंय याच्याशी तिला कर्तव्य नाही. विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टीम १६ बिटांच्या एककांत नाव ठेवते. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर मर्यादा २५५ बाइटांची आहे, म्हणजे देवनागरीचे फक्त ८५ कोड पॉइंट. एनटीएफएसवर २५५ एककं, म्हणजे तिप्पट. विंडोजवर ठेवलेलं लांब मराठी नाव लिनक्स सर्व्हरवर उतरत नाही, त्याचं कारण हे.

मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल सिस्टीम नाव साठवताना जोडून लिहिलेल्या अक्षरांची सुट्या कोड पॉइंटांत फोड करायची. २०१७ पासून आलेली एपीएफएस नाव दिलं तसंच ठेवते, पण शोधताना जोडलेलं आणि फोडलेलं ही दोन्ही रूपं एकच मानते. लिनक्सवर मात्र ती दोन वेगळी नावं असतात.

झिप फाइलींचं दुखणं निराळं. झिपमध्ये नाव यूटीएफ-८ आहे हे सांगणारा एक बिट असतो. तो न लावता कुणी झिप केली, तर उघडणारा प्रोग्रॅम ४३७ किंवा स्वतःच्या आवडीचं कोड पेज धरतो. आतल्या फाइली नीट, नावं बिघडलेली असं दिसलं की या बिटावर संशय घ्या.

दोन शब्द डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसतात, तरी तुलना चुकते. असं कसं?

कारण एकच अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं. ‘तऱ्हा’ घ्या. यातला ‘ऱ’ हा एक कोड पॉइंट म्हणून येऊ शकतो, किंवा ‘र’ अधिक नुक्ता असा दोन म्हणून. युनिकोडच्या दृष्टीनं दोन्ही समान आहेत, पण बाइट वेगळे. एनएफसी नॉर्मलायझेशन केलं, म्हणजे अशी रूपं एका साच्यात आणली, की एक कोड पॉइंट होतो, एनएफडी केलं की दोन. त्यामुळे साठवण्याआधी सगळा मजकूर एनएफसीमध्ये आणा.

एवढ्यानं मराठी संपत नाही. हाच अर्धा ‘र’ काही कळफलक ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक असाही टाइप करतात. ते रूप नॉर्मलायझेशनला समानार्थी वाटत नाही. ‘ॲ’चंही तसंच. हा कोड पॉइंट २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये आला. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवायचे, आणि तसा मजकूर आजही डेटाबेसांत पडून आहे. ‘ॲप’ शोधल्यावर निम्म्याच नोंदी मिळतात त्या यामुळे. शोधासाठी वेगळा रकाना ठेवा आणि त्यात ही रूपं स्वतःच्या नियमानं एक करून घ्या. मूळ मजकुराला हात लावू नका.

टर्मिनलवर चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये किंवा कंटेनरमध्ये का पडते?

टर्मिनलमध्ये तुमच्या खात्याचं लोकेल (भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग) लागू असतं. क्रॉनला (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या सेवेला) आणि छोट्या कंटेनरला ते मिळत नाही. तिथे ‘सी’ नावाचं मूळ लोकेल असतं, ज्याला आस्कीपलीकडचं ठाऊक नाही. ‘सी’ची यूटीएफ-८ आवृत्ती आता बहुतेक लिनक्सांवर मिळते, ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये स्पष्ट लिहा. पायथन ३.७ पासून पायथन असं लोकेल दिसताच आपणहून यूटीएफ-८ कडे वळतं, पण त्याच स्क्रिप्टमधून बोलावलेले इतर प्रोग्रॅम तसं करतीलच असं नाही.

भाषेच्या डिफॉल्टवर विसंबून चालेल का?

चालणार नाही, निदान जुन्या आवृत्त्या वापरात असेपर्यंत. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग दिलं नाही, तर विंडोजवर आजवर १२५२ धरलं जात आलंय. पहिलं मराठी अक्षर लिहायला गेलात की चूक येते. ही चूक चांगली, कारण ती लगेच दिसते. ३.१५ पासून यूटीएफ-८ डिफॉल्ट करायचं ठरलं आहे. जावानं हे जावा १८ मध्ये, २०२२ साली केलं, पण कन्सोलवर छापताना ती अजूनही कन्सोलचं एन्कोडिंग पाहते.

विंडोजवर सी++ लिहित असाल तर विंडोज १० च्या १९०३ क्रमांकाच्या आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमसोबतच्या वर्णन फाइलीत) आपल्या प्रोग्रॅमपुरतं कोड पेज यूटीएफ-८ करता येतं. नव्या कामाला मी तेच सुचवेन. जुन्या कामात रुंद अक्षरांची फंक्शनं वापरा आणि रूपांतर फक्त कडेला करा.

‘मराठी’ या शब्दाची लांबी किती?

वाचणाऱ्याला तीन: म, रा, ठी. पायथनला पाच कोड पॉइंट, जावास्क्रिप्टला पाच एककं, रस्ट आणि गो यांना पंधरा बाइट. म्हणून “नाव ५० अक्षरांपर्यंत” असं लिहिलेल्या अटीत कुठली अक्षरं ते लिहा, आणि छाटायचंच असेल तर दिसणाऱ्या अक्षराच्या सीमेवर छाटा.

मोठ्या फाइली तुकड्यांनी वाचतानाही हेच आडवं येतं. ४०९६ ला तीननं भाग जात नाही, एक उरतो. निव्वळ देवनागरीची फाइल ४०९६ बाइटांच्या तुकड्यांत वाचून प्रत्येक तुकडा सुटा डीकोड केलात, तर पहिल्याच तुकड्याच्या शेवटी अक्षर तुटतं. लहान फाइलींवर चाचणी पास होते आणि मोठ्या फाइलीत मधूनच चौकटीतली प्रश्नचिन्हं उगवतात, त्याचं मूळ इथे. उरलेले बाइट पुढच्या तुकड्यासाठी जपणारा डीकोडर बहुतेक भाषांत मिळतो. तो वापरा.

मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८’ निवडलं, मराठी चालते, मग इमोजीला काय झालं?

मायएसक्यूएल या डेटाबेसमधलं जुनं ‘यूटीएफ८’ जास्तीत जास्त तीन बाइट घेतं. देवनागरी तीनमध्ये बसते म्हणून वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. इमोजीला चार लागतात. ‘यूटीएफ८एमबी४’ निवडा. मायएसक्यूएल ८.० मध्ये तेच डिफॉल्ट आहे. टेबलाबरोबर कनेक्शनचं एन्कोडिंगही तपासा, कारण दुहेरी एन्कोडिंगचा जन्म बहुधा तिथेच होतो.

जुन्या फॉण्टमधला मजकूर यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केला तर तो युनिकोड होतो का?

नाही. कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या फॉण्टमध्ये साठवलेली असतात लॅटिन अक्षरंच, फॉण्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरी चित्रं काढतो. त्याला त्या त्या फॉण्टचा परिवर्तक लागतो, आणि नंतर माणसाचं मुद्रितशोधनही.

ओळीच्या शेवटाचा यात काय संबंध?

थेट नाही, पण दोन्ही एकत्रच भेटतात. विंडोजवर ओळ दोन बाइटांनी संपते, १३ आणि १०. लिनक्स-मॅकवर एकट्या १० नं. गिटच्या गुणधर्म फाइलीत ओळीचा शेवट कसा हवा ते एकदा लिहून टाका आणि विसरा.

नावांची क्रमवारी प्रत्येक सिस्टीमवर वेगळी का येते?

कोड पॉइंटच्या क्रमानं ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतर. क्रमवारी सिस्टीमच्या लोकेलवर सोडू नका. आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी सोबत घ्या, म्हणजे तिन्हीकडे एकच क्रम मिळेल.

चाचणीसाठी कुठला मजकूर घ्यावा?

‘नमस्कार’ एवढ्यावर थांबू नका. मी ही ओळ वापरतो: ‘तऱ्हा, झुंज, ए, भ्रम, ॲप, मठ’, आणि त्यातल्या ‘ॲप’नंतर एक इमोजी. ‘झुंज’मध्ये रिकाम्या जागांवर पडणारे दोन बाइट आहेत, ‘भ्रम’मध्ये न दिसणारा हायफन आणि हलन्त, आणि ओळ ‘ठ’वर संपते ते मुद्दाम, कडेची जागा छाटणारा कोड पकडण्यासाठी. ही ओळ इनपुटमधून आत घ्या, डेटाबेसमध्ये ठेवा, फाइलीत आणि फाइलीच्या नावात लिहा, झिप करा, परत वाचा आणि बाइटांशी बाइट ताडून पाहा. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर, प्रत्येक बिल्डला.